गर्दी, दाटी आणि गजबज

माणसांच्या समुदायाचे वर्णन करताना मराठी भाषा एकाच शब्दावर भागवून घेत नाही. यात्रा माणसांनी फुलते, बाजार गजबजतो, सभागृह तुडुंब भरते. परंतु आगगाडीचा डबा खच्चून भरतो, बिऱ्हाडाची खोली कोंदते आणि अरुंद बोळात खेटाखेट होते. पहिल्या तीन प्रयोगांत आनंद आहे, निदान उत्साह तरी आहे. पुढच्या तीन प्रयोगांत त्रास आहे. हातात मोजपट्टी घेऊन पाहिले तर यात्रेत प्रत्येक माणसाच्या वाट्याला येणारी जागा कोंदलेल्या खोलीतल्या जागेपेक्षा पुष्कळदा कमीच भरेल. तरीही यात्रा कोंदली असे कोणी म्हणत नाही. याचा अर्थ असा की, आपल्याला जी दाटी जाणवते ती केवळ माणसे आणि जागा यांच्या भागाकारातून येत नाही. ती आणखी कशातून तरी येते. ते आणखी काय, आणि त्यात रस्ता, चौक, जिना, दार, ओटा यांच्या रचनेचा वाटा किती, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विचार केवळ कुतूहलाचा नाही. आमच्या जुन्या शहरांत 'येथे फार दाटी झाली आहे' एवढ्या एका वाक्याच्या आधारावर रस्तारुंदीच्या रेषा ओढल्या जातात, वाडे पाडले जातात, आणि बैठ्या वस्त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहतात. दाटी म्हणजे काय हे नीट कळले नाही, तर दाटी हटवण्याच्या नावाखाली केलेला उपाय दाटी वाढवणाराच ठरू शकतो. तसे पूर्वी घडलेही आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. १९७२ साली डॅनियल स्टोकोल्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने असे मांडले की, ठरावीक जागेत किती माणसे आहेत ही भौतिक वस्तुस्थिती एक, आणि आपल्याला हवी तेवढी मोकळीक मिळत नाही असे माणसाला वाटून त्याच्या मनावर येणारा ताण ही दुसरी गोष्ट. पहिलीला आपण घनता म्हणू आणि दुसरीला दाटी. घनता मोजता येते. दाटी जाणवावी लागते. घनतेवाचून दाटी सहसा जाणवत नाही, हे खरे. परंतु घनता असली म्हणजे दाटी जाणवतेच, असे मात्र नाही.

हा भेद करण्याची गरज का भासली, हेही पाहण्यासारखे आहे. १९६२ साली जॉन कॅल्हून याने बंदिस्त जागेत वाढू दिलेल्या उंदरांचे वर्णन प्रसिद्ध केले. संख्या वाढत गेली तसतसे त्यांचे सामाजिक वर्तन बिघडत गेले, माद्या पिलांची निगा राखीनाशा झाल्या, काही नर हिंसक झाले तर काही सर्वांपासून अलिप्त राहू लागले. या वर्णनाचा जगभर मोठा बोलबाला झाला आणि शहरांतील माणसांचेही हेच होणार असे भाकीत अनेकांनी केले. परंतु माणसांवर प्रयोग होऊ लागले तेव्हा निष्कर्ष इतके सरळ निघेनात. १९७५ साली जोनाथन फ्रीडमन याने असे प्रतिपादन केले की, घनता स्वतः चांगली नसते आणि वाईटही नसते. प्रसंग मुळात जसा असेल तसा तो ती अधिक तीव्र करते. सुखाचा प्रसंग माणसांच्या सहवासात अधिक सुखाचा होतो आणि त्रासाचा प्रसंग अधिक त्रासाचा. फ्रीडमनचे सगळे म्हणणे पुढच्या संशोधकांनी मान्य केले नाही. तरी यात्रा फुलते आणि डबा खच्चून भरतो, या आपल्या भाषेतल्या भेदाचे मर्म त्यात आले आहे, असे आम्हांला वाटते.

आता रचनेकडे वळू. रचना दाटीवर कोणकोणत्या वाटांनी परिणाम करते? पहिली वाट अशी की, कोणाची गाठ कोणाशी, किती वेळा आणि इच्छेविरुद्ध पडावी, हे रचना ठरवते. न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रुक येथील विद्यापीठात अँड्र्यू बाउम आणि स्टुअर्ट व्हॅलिन्स या दोघांनी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांचा अभ्यास करून १९७७ साली त्यावर ग्रंथ लिहिला. तेथे दोन तऱ्हांची वसतिगृहे होती. एकात लांबलचक बोळाच्या दोन्ही अंगांना खोल्या होत्या आणि तीस-चाळीस मुलांना स्नानगृह व बैठकीची खोली सामाईक होती. दुसऱ्यात चार ते सहा मुलांचे लहान लहान गट पाडून प्रत्येक गटाला स्वतंत्र बैठक व स्नानगृह दिलेले होते. प्रत्येक मुलाच्या वाट्याला येणारी जागा दोन्हीकडे जवळजवळ सारखीच होती. तरीही लांब बोळात राहणाऱ्या मुलांना दाटी कितीतरी अधिक जाणवे. ती एकमेकांना टाळत, आणि वसतिगृहाबाहेर एखाद्या प्रतीक्षागृहात अनोळखी माणसासोबत बसण्याची वेळ आली तरी ती दूरची खुर्ची निवडत. १९८० साली बाउम आणि ग्लेन डेव्हिस यांनी याच्या पुढचे पाऊल उचलले. एका लांब बोळाच्या मध्यावरच्या काही खोल्या काढून तेथे बैठकीची जागा केली आणि दारे बसवून बोळाचे दोन भाग केले. चाळीसांचा एक समुदाय होता, त्याचे वीस-वीसांचे दोन झाले. एवढ्यानेच तेथील मुलांना दाटी कमी जाणवू लागली आणि त्यांच्या ओळखी वाढल्या. एकही माणूस दूर न करता दाटी कमी झाली. खोल्या तर उलट कमी झाल्या होत्या.

हे वाचताना मुंबईच्या चाळींची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९२० साली स्थापन झालेल्या मुंबई विकास खात्याने वरळी, नायगाव, परळ आणि शिवडी येथे बांधलेल्या बीडीडी चाळींत मधोमध बोळ आणि दोन्ही बाजूंना खोल्या अशीच योजना होती. खोली सुमारे १६० चौरस फुटांची, आणि शौचालये मजल्यावर सामाईक. याउलट गिरगाव आणि गिरणगाव येथील कित्येक जुन्या चाळींत खोल्यांपुढे उघडी गॅलरी असून ती चौकावर किंवा रस्त्यावर उघडते. गॅलरीत उभ्या असलेल्या माणसाला कोण येत आहे हे लांबून दिसते, डोक्यावर आभाळ असते, बोलावेसे वाटले तर कठड्याला टेकता येते आणि नको असेल तर आत वळता येते. बंद बोळात यांपैकी काहीच नसते. तेथे गाठ पडते ती एकदम आणि समोरासमोर.

परंतु येथे अमेरिकेतला निष्कर्ष जसाच्या तसा उचलणे बरे नव्हे. बीडीडी चाळींतही पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार रुजला, तेथे गणेशोत्सव झाले, व्यायामशाळा निघाल्या, चळवळी उभ्या राहिल्या. वसतिगृहातली मुले एकमेकांना अनोळखी होती. चाळीतली कुटुंबे एकमेकांच्या सुखदुःखात वाढलेली होती. ओळखीच्या माणसाची दाटी आणि अनोळखी माणसाची दाटी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. रचना ओळखीला साहाय्य करते किंवा अडथळा करते. ओळख निर्माण करण्याचे काम अखेर माणसांनाच करावे लागते.

रचनेची दुसरी वाट घराच्या खोलीची, म्हणजे गांभीर्य या अर्थाच्या खोलीची आहे. गॅरी इव्हान्स, स्टीफन लेपोर आणि अलेक्स श्रोडर यांनी १९९६ साली असे दाखवले की, सारख्याच दाटीच्या घरांपैकी ज्या घरांत एका जागेतून दुसऱ्या जागेत जाताना अधिक टप्पे ओलांडावे लागतात, त्या घरांतील माणसांना दाटीचा मानसिक उपद्रव कमी होतो. आपल्या वाड्याची रचना ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. दिंडी दरवाजा, देवडी, चौक, सोपा, माजघर, देवघर, स्वयंपाकघर आणि परसू अशा पायऱ्यापायऱ्यांनी वाडा आत उतरत जातो. बाहेरचा मनुष्य देवडीवर थांबतो, पाहुणा सोप्यावर बसतो, आप्त माजघरात येतो. त्या घरात तीस माणसे नांदत असली, तरी रुसून बसायला, अभ्यास करायला, एकट्याने रडायला कोठे ना कोठे एखादा कोनाडा सापडत असे. आजच्या एका दाराच्या सदनिकेत दार उघडले की सारे घर एका दृष्टिक्षेपात दिसते. क्षेत्रफळ दरडोई वाढले असेल, पण टप्पे गेले. अर्थात त्या जुन्या वाड्यातले कोनाडे सर्वांच्या वाट्याला सारखे येत नसत, स्त्रियांच्या वाट्याला तर फारच थोडे येत, हेही विसरता कामा नये.

जे घराचे तेच शहराचे. स्थापत्यविशारद चार्ल्स कोरिया यांचा जन्म १९३० साली सिकंदराबादचा आणि घराणे गोव्याचे. त्यांनी १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे दाखवले की, उष्ण प्रदेशातला मनुष्य केवळ खोलीत राहत नाही. तो खोली, उंबऱ्यापुढची जागा, वस्तीतला पाणवठा आणि गावाचे मैदान अशा चार टप्प्यांत राहतो. यातला एक टप्पा अपुरा असेल तर दुसरा त्याची भरपाई करू शकतो. लहान खोलीला अंगण मिळाले तर ती खोली पुरते. अंगण काढून घेतले तर तीच खोली कोंडवाडा होते. तेव्हा घनतेचा हिशेब करताना चार भिंतींच्या आतले क्षेत्रफळ तेवढे मोजणे आणि ओटा सोडून देणे, हा हिशेबच चुकीचा आहे.

तिसरी वाट आहे स्वाधीनतेची. येथून मला हवे तेव्हा निघता येईल, अशी खात्री असलेल्या माणसाला दाटी कमी जाचते. १९७४ साली ड्रुरी शेरॉड याने एक प्रयोग केला. दाटीच्या खोलीत काम करणाऱ्या काही जणांना, वाटल्यास येथून बाहेर पडता येईल, असे त्याने आधीच सांगून ठेवले. त्या सवलतीची नुसती जाणीव असलेल्या माणसांनी नंतरच्या कामात इतरांपेक्षा अधिक चिकाटी दाखवली. १९७७ साली एलेन लँगर आणि सुझन सेगर्ट यांना न्यूयॉर्कच्या मोठ्या दुकानांत असे आढळले की, गर्दीमुळे तुम्हांला अस्वस्थ वाटण्याचा संभव आहे, एवढी पूर्वसूचना दिली तरी गिऱ्हाइकांचे काम अधिक चांगले होते आणि त्यांना बरे वाटते. नगररचनेच्या भाषेत याचा अर्थ असा की, रस्त्याला जागोजागी फाटे असावेत, पुढे काय आहे ते दिसावे, आणि क्षणभर प्रवाहातून बाजूला होऊन उभे राहण्यास एखादा पार, एखादी पायरी, एखाद्या झाडाची सावली असावी. एकाच अरुंद जिन्यावरून सर्वांना उतरावे लागते तेव्हा दाटी जाचक होते, आणि कित्येकदा ती प्राणघातकही ठरते. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन वीसहून अधिक माणसे मृत्यू पावली. पाऊस आला, माणसे पुलावर थांबली, आणि मागून माणसे येतच राहिली. बाजूला होण्यास तेथे जागा नव्हती. दाटीची जाणीव ही नुसती मनाची लहर नव्हे. ती पुष्कळदा धोक्याची खरी सूचना असते.

चौथी वाट अपेक्षेची आणि हेतूची आहे. इंदूरचा सराफा याचे उत्तम उदाहरण होय. दिवसा तेथे सोन्याचांदीची दुकाने उघडी असतात. रात्री ती बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे खाद्यपदार्थांची दुकाने लागतात आणि मध्यरात्रीपर्यंत माणसांची रीघ लागते. रस्त्याची रुंदी तीच असते. परंतु रात्री आलेला मनुष्य गर्दीसाठीच आलेला असतो. तो सावकाश चालतो, थांबतो, खातो, पाहतो. त्याच रस्त्यावरून आजारी माणसाला घेऊन वाहन न्यावयाचे असेल, तर तीच गर्दी असह्य होईल. तेव्हा रस्ता किती रुंद आहे हा प्रश्न एकट्याने पुरेसा नाही. कोणत्या वेळी, कोण, कशासाठी त्या रस्त्यावर येतो, आणि एकमेकांस विरोधी असे हेतू एकाच वेळी एकाच जागेत कोंडले जातात काय, हा खरा प्रश्न आहे. आमच्या जुन्या पेठांतील आजची दाटी पुष्कळ अंशी माणसांची नसून वाहनांची आहे. उभ्या केलेल्या मोटारगाड्यांनी रस्ता अडवला आणि दोष मात्र पेठेच्या माथी आला.

यावरून इंदूरच्याच इतिहासातील एका थोर पुरुषाचे स्मरण होते. पॅट्रिक गेडिस हे मूळचे स्कॉटलंडचे जीवशास्त्रज्ञ. पुढे ते समाजशास्त्राकडे आणि नगररचनेकडे वळले. १९१६ साली त्यांनी बडोद्यासाठी आणि १९१८ साली इंदूरच्या होळकर दरबारासाठी दोन खंडांचा अहवाल लिहिला. १९१९ साली ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांच्या आधीची परिस्थिती अशी होती की, १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि १८९८ साली शहरसुधारणेसाठी ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढणे हा त्या ट्रस्टच्या कार्याचा मोठा भाग होता. परंतु पाडलेल्या घरांतली माणसे हवेत विरून जात नाहीत. ज्यांना नवी घरे मिळाली नाहीत किंवा परवडली नाहीत ती शेजारच्या वस्तीत शिरली, आणि तेथील दाटी आणखी वाढली. गेडिस यांनी हे नेमके हेरले. त्यांचे म्हणणे असे होते की, वस्तीवर कुऱ्हाड चालवण्याऐवजी शस्त्रवैद्याप्रमाणे जपून काम करावे. पायी हिंडून एकेक घर पाहावे, अगदी मोडकळीस आलेली थोडी घरे तेवढी काढावीत, त्या मोकळ्या जागेत चौक करावा, झाड लावावे, देवळापुढचे अंगण स्वच्छ करावे, बोळाला बोळ जोडून द्यावा. यात खर्च कमी, विस्थापन कमी, आणि मोकळेपणाची जाणीव मात्र अधिक.

इंदूरला ते नकाशा घेऊन हिंडू लागले तेव्हा लोक त्यांना घाबरत. साहेब आला म्हणजे घर पाडणार, अशी समजूत होती. तेव्हा दरबाराच्या संमतीने त्यांनी दिवाळीच्या मिरवणुकीची योजना हाती घेतली. ज्या रस्त्यावरील घरे अधिक स्वच्छ व नीटनेटकी होतील त्या रस्त्याने मिरवणूक जाईल, असे जाहीर झाले. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रचंड प्रतिमाही होती. शहर लोकांच्या हातून सुधारते, ते पाडून सुधारत नाही, हा धडा त्यांनी अशा रीतीने दिला.

त्याच इंदूरला पुढे १९८० नंतरच्या दशकात बाळकृष्ण दोशी यांनी अरण्य नावाच्या वसाहतीची आखणी केली. दोशी यांचा जन्म १९२७ साली पुण्यात झाला. २०२३ साली ते निवर्तले. सुमारे ६५०० भूखंडांच्या या वसाहतीत अगदी लहान भूखंड सुमारे ३५ चौरस मीटरचे आहेत. बहुसंख्य कुटुंबे अल्प उत्पन्नाची. त्यांना तयार घर न देता जोते, पाणी, मलनिःसारण आणि न्हाणीघर एवढे देऊन पुढचे घर ऐपतीप्रमाणे बांधण्याची मोकळीक ठेवली. घरांचे लहान लहान पुंजके केले, रस्त्याकडे ओटे आणि पायऱ्या आल्या, वाकणारे अरुंद रस्ते आणि मधून मधून मोकळ्या जागा ठेवल्या. १९९५ साली या योजनेला आगाखान स्थापत्य पुरस्कार मिळाला. तेथे घनता कमी नाही. किंबहुना काळाच्या ओघात घरांवर मजले चढले आणि ती वाढलीच. परंतु ओटा, गल्ली, चौक हे टप्पे योजनेतच असल्यामुळे घनतेला वाट मिळाली.

हे सर्व लिहून झाल्यावर एका गोष्टीची सूचना देणे आम्हांला अवश्य वाटते, कारण या विचाराचा दुरुपयोग सहज होऊ शकतो. दाटी जाणवण्यावर असते, असे म्हटले की दहा माणसांच्या एका खोलीकडे बोट दाखवून 'हा तुमच्या मनाचा खेळ आहे' असे सांगण्याचा मोह होतो. १९६१ साली जेन जेकब्ज यांनी निक्षून सांगितले होते की, एकरी घरांची संख्या अधिक असणे आणि एका खोलीत माणसांची संख्या अधिक असणे या दोन गोष्टींची गल्लत करू नये. पहिली शहराला सजीव करते. दुसरी माणसाला पिळते. आणि या दुसरीचा पुरावा आपल्या घरचाच आहे. इव्हान्स आणि पुणे विद्यापीठाचे पलसाने यांनी आपल्या सहकाऱ्यांसह पुण्यातील कुटुंबांचा अभ्यास केला. १९८९ साली त्यांना आढळले की, दाटीच्या घरांतील कर्त्या पुरुषांना आपल्या माणसांचा आधार कमी वाटू लागतो, आणि मनःस्वास्थ्य ढासळते ते या मार्गाने. १९९८ साली त्यांनी पुण्यातील कष्टकरी कुटुंबांतील दहा ते बारा वर्षांच्या मुलांविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका खोलीत जितकी माणसे अधिक, तितकी मुलांच्या शाळेतील वागणुकीची आणि अभ्यासाची अवस्था वाईट, आणि आईवडिलांशी खटके अधिक. कुटुंबाच्या उत्पन्नाचा हिशेब वेगळा करूनही हा संबंध उरला. चौकातले झाड या मुलांना एकटे पुरणार नाही. त्यांना खोलीच हवी.

आमच्या वाचकांत शिक्षक पुष्कळ आहेत, म्हणून शेवटी दोन शब्द त्यांच्यासाठी. वर्गात चिडणारे, मागे पडणारे, कोणी जवळ बसले तरी अंग चोरणारे मूल पाहिले म्हणजे त्याच्या घरी किती माणसे आणि किती खोल्या, हे एकदा जाणून घ्यावे. शाळेचे वर्ग संध्याकाळी रिकामे असतात. त्यातला एक अभ्यासिका म्हणून उघडा ठेवला, तर अशा मुलाला त्याच्या घरात नसलेला एक टप्पा मिळतो. मधल्या सुट्टीची घंटा सर्व वर्गांना एकदम देण्याऐवजी थोड्या अंतराने दिली, तर जिन्यावरची रेटारेटी एक पैसा खर्च न करता कमी होते. आणि गावात एखादी पेठ पाडण्याची गोष्ट निघेल तेव्हा सभेत तीन प्रश्न विचारावेत: येथे दाटी माणसांची आहे की वाहनांची? दाटी रस्त्यावर आहे की खोलीत? आणि येथून उठणारी माणसे कोठे जाऊन दाटणार? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून कुदळ पडू नये, एवढे जरी आमच्या शहरांनी पाळले, तरी गेडिस यांचे इंदूरच्या गल्ल्यांतून पायी हिंडणे सार्थकी लागले असे म्हणता येईल.